शिट्टी कुणाकडे?

"कुंपण? मी काय कोंबड्या पाळल्यात?" मास्तरांनी जाळीचा तुकडा चिमटीत धरून उचलला आणि मेलेल्या उंदरासारखा परसातल्या पोहण्याच्या तलावाकाठच्या टेबलावर टाकला.

जाळीवाला हसला. नमुने घेऊन घरोघर फिरणाऱ्या माणसाला असली बोलणी रोजचीच. त्यातून मास्तरांनी निम्म्या गावाला शिकवलं तसं त्यालाही मानगूट धरून पोहायला शिकवलं होतं. त्यांच्यापुढे तोंड उघडायची त्याची आजही टाप नव्हती. त्याने मुकाट्याने दुसरा नमुना पुढे केला. तलावावर ओढायचं जाड झाकण होतं ते.

"हे दुधाच्या पातेल्यावर घाल."

"मग हा भोंगा बघा. पाण्यात काही पडलं की वाजतो."

"पान पडलं तरी बोंबलेल लेकाचा. पुढे?"

"पुढे काही नाही, बाबा," सून म्हणाली. "कालपासून भिंगरीला मागच्या दाराची कडी काढता येते. स्टूल ओढते, चढते आणि काढते. माझा जीव थाऱ्यावर नाही हो."

भिंगरी, म्हणजे तिची लेक, टेबलाखाली बसून जाळीवाल्याचे खिळे एका रांगेत लावत होती. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे तिच्या गावीही नव्हतं.

सुनेचा आवाज कापरा झालेला ऐकून मास्तर जरा वरमले. तिची भीती खोटी नव्हती, हे त्यांनाही कळत होतं. पण गावातली निम्मी पोरं आपण पाण्यावर तरंगती केली, एकाच्याही केसाला धक्का लागू दिला नाही, आणि आता आपल्याच परसात, आपल्याच नातीसाठी जाळी लावायची? लोक काय म्हणतील याची त्यांना फिकीर नव्हती. आपणच आपल्याला काय म्हणू, हे मात्र गिळवत नव्हतं.

"अगं, शिट्टी आहे ना आपली!" त्यांनी गळ्यातली पितळी शिट्टी हलवून दाखवली.

हा त्या घरातला मास्तरांचा कायदा होता. शिट्टी ज्याच्या गळ्यात, त्याने पाण्यावरची नजर हलवायची नाही. बाकीच्यांनी खुशाल गप्पा माराव्यात. पाळी बदलायची तर शिट्टी दुसऱ्याच्या हातात द्यायची, आणि घेणाऱ्याने "घेतली" म्हणायचं. ते कानावर पडल्याशिवाय देणाऱ्याने जागचं हलायचं नाही. एकदा मुलगा नुसता मान हलवून मोकळा झाला होता, तर मास्तरांनी त्याला पाहुण्यांसमोर फैलावर घेतलं होतं.

"जाळीला डोळे असतात का?" ते म्हणाले.

"डोळे नसतात, मास्तर," जाळीवाला खालमानेने म्हणाला, "पण डुलकीही लागत नाही."

सुनेने पदराआड हसू दाबलं. मास्तरांनी डोळे वटारले खरे, पण त्यांनाही हसू आलंच. "फार बोलायला लागलास. दाखव बघू तुझं ते फाटक."

फाटकाचा छोटा नमुना होता. उघडून सोडलं की आपलं आपण मिटायचं आणि कडी खट्‌कन बसायची. मास्तरांना गंमत वाटली. त्यांनी हळू सोडून पाहिलं, जोरात सोडून पाहिलं. वाकून बिजागरी बघायला गेले, तर शिट्टीची दोरी जाळीत अडकली. "काय कटकट आहे!" त्यांनी शिट्टी गळ्यातून काढली, "घे गं" म्हणत सुनेच्या कोपरापाशी ठेवली आणि पुन्हा फाटकाकडे वळले.

सून तेव्हा जाळीवाल्याला विचारत होती, कडी किती उंचावर बसवणार म्हणून.

"आणि वारा सुटला तर?" मास्तरांनी विचारलं.

"तरी मिटतं."

"बघू परत."

फाटक मिटलं. कडी खट्‌कन बसली. आणि शिट्टी वाजली.

मोठ्याने नाही. थुंकी उडवत फुंकल्यासारखी, अर्धवट. तिघांच्याही माना वळल्या.

भिंगरी तलावाच्या पहिल्या पायरीवर उभी होती. पाणी गुडघ्यापर्यंत, फ्रॉकचा घेर पाण्यावर पसरलेला. शिट्टी गळ्यात. एक हात थेट आजोबांसारखा कमरेवर. नजर पाण्यावर.

"तुम्ही बोला," मागे न बघता ती म्हणाली. "माझं लक्ष आहे."

सुनेने तोंडावर हात दाबून धरला. मास्तर ओरडले नाहीत. ओरडलं की पोर दचकतं, आणि पुढच्या पायरीला हिची मान बुडते, हे त्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक? ते चपलांसकट, पॅंटसकट पाण्यात उतरले आणि तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला आणि ते रोजच्याच आवाजात म्हणाले,

"दे शिट्टी. आता माझी पाळी."

भिंगरीने शिट्टी त्यांच्या हातावर ठेवली, पण दोरी सोडली नाही. जागची हललीही नाही. त्यांच्याकडे रोखून बघत म्हणाली, "आधी 'घेतली' म्हणा."

"घेतली," ते म्हणाले.

मग त्यांनी तिला उचललं. सुनेने तिला हिसकून घेतलं, पाठीत एक धपाटा घातला आणि तिथेच मुके घेत रडायला लागली. मास्तर काठावर आले. चपलांतून पाणी गळत होतं. त्यांनी शिट्टी गळ्यात घातली आणि पाण्याकडे तोंड करून उभे राहिले.

"कडी माझ्या खांद्याच्या वर बसव," ते म्हणाले. "टेप काढ."

जाळीवाल्याने टेप ओढला. एक टोक मास्तरांनी पाण्यावरची नजर न हलवता खांद्याशी धरलं. जाळीवाल्याने वाकून दुसरं टोक जमिनीला टेकवलं आणि आकडा वाचला.