कलाबाईंचा रस्सा

"हॉटेलातून मागवू, आई," प्रशील तिसऱ्यांदा म्हणाला.

कलाबाईंनी सोललेल्या बटाट्याच्या चार फोडी केल्या आणि पाण्यात टाकल्या.

चाळीसगावात दोन दिवस ऊन पडलं नव्हतं. भर दुपारी लोक कानटोप्या घालून फिरत होते. सकाळी रूपाच्या वडिलांचा फोन आला. संध्याकाळी येतो, एवढंच बोलून मोतीलाल पाटलांनी फोन ठेवून दिला. रूपाने प्रशीलशी लग्न केलं त्याला तीन वर्षं झाली होती. पाटलांची मुलगी बौद्धाच्या घरी गेली म्हणून गावात नको नको ते बोललं गेलं. तेव्हापासून तिच्या माहेरचं एक माणूस इकडे फिरकलं नव्हतं. रूपा मात्र दर दिवाळीला गावी जायची आणि बंद दारावरून परत यायची.

"ते आपल्या हातचं खाणार नाहीत," प्रशील म्हणाला. "बाहेरचं असलं म्हणजे त्यांनाही अवघड नाही, आपल्यालाही नाही. आपण ताट पुढे करायचं आणि त्यांनी हात मागे घ्यायचा, हे रूपाला सोसणार नाही."

"माझ्या घरी आलेला माणूस माझ्या हातचं खाईल. नाहीतर उपाशी जाईल."

तीस वर्षं अंगणवाडी सांभाळलेली बाई. आवाज चढवण्याची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

कलाबाईंनी कांदे गॅसवर काळे होईपर्यंत भाजले. खोबरं भाजलं. धणे, लवंगा, दगडफूल, लाल मिरच्या तव्यावर फिरवल्या. घरात मिक्सर होता, पण आज त्यांनी पाटा काढला. गुडघा दुखत होता तरी मांडी घालून सगळा मसाला गंधासारखा वाटला. कोंबडी गावठी होती, शिजायला वेळ घेत होती. अर्धी शिजल्यावर त्यांनी बटाटे सोडले.

"पाहुण्यांच्या रश्श्यात बटाटे?" प्रशीलला राहवलं नाही.

"एवढ्या थंडीत बटाट्यानेच पोटाला आधार येतो. आपण खातो तेच त्यांना वाढायचं."

बाजूला रूपा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. मधेच तिचा हात थांबायचा, कान दाराकडे जायचे. "भाकरी चिरेल," कलाबाई म्हणायच्या. ती पुन्हा थापू लागायची.

सहा वाजता मोतीलाल आले. एकटेच. टोपी मांडीवर घेऊन बुद्धाच्या फोटोखालच्या खुर्चीवर बसले. एकदा लेकीकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"कशी शे, बेटा?"

"चांगली शे, नाना."

कलाबाईंनी जेवता का, असं विचारत बसण्याऐवजी सरळ ताट वाढून आणलं. रश्श्यातून वाफ निघत होती. मोतीलाल ताटाकडे बघत राहिले. प्रशीलने नजर दुसरीकडे वळवली. रूपाच्या हातातला पिठाचा उंडा हातातच राहिला.

मोतीलालांनी भाकरी कुस्करली. त्यावर रस्सा ओतून घेतला. पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसऱ्याला नाकाडोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी उपरण्याने पुसलं आणि वाटी पुढे केली. "बटाटा टाका आखो."

रूपा ओट्याकडे तोंड करून रडली. प्रशील आईकडे बघून लहान मुलासारखा हसला.

हात धुऊन झाले तरी मोतीलाल उभेच होते. उपरण्याचं टोक पिळत होते.

"अक्का," ते शेवटी म्हणाले, "एक डबा भरी द्या. हिन्ही माय भाहेर गाडीमा बठेल शे."

"माय उनी शे?" रूपाने तव्यावरची भाकरी तशीच सोडली.

"गल्लीना तोंडले गाडी उभी शे. तास व्हई गया. मी म्हनं चाल, पन ती उतरस नही."

रूपाने घाईघाईने डबा काढला. कलाबाईंनी तो तिच्या हातातून घेतला आणि परत फळीवर ठेवला. पातेल्यावर झाकण टाकलं.

"डबा मिळणार नाही, भाऊ."

मोतीलालांचा चेहरा उतरला. "आई, काय हे!" प्रशील म्हणाला. कलाबाईंनी खुंटीवरची शाल घेतली, पायात चपला सरकवल्या. रूपा मागोमाग निघाली.

"तू थांब. ताट मांड," त्या म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

वारं अंगाला झोंबत होतं. गाडीच्या काचा आतून धुरकटल्या होत्या. उपास आहे, पथ्य आहे, असलं काही ऐकून घ्यायचं नाही, असं मनाशी ठरवून कलाबाईंनी काचेवर टकटक केलं. काच खाली झाली. यशोदाबाई डोक्यावरून पदर घेऊन कोपऱ्यात आकसून बसल्या होत्या. त्यांनी उपासाचं नाव काढलं नाही.

"तीन वरीस मन्ही पोर दारशी उभी राहिनी, मी दार उघाडं नही," मान खाली घालूनच त्या म्हणाल्या. "आते काय तोंड लईसन येऊ तुम्हना घरमा? माले आठेच, गाडीमाच जेवाले द्या."

कलाबाईंनी गाडीचा दरवाजा उघडला.

"विहीणबाई, लहानपणी आमच्या गावात लग्नाची पंगत उठली की आम्हाला मांडवाबाहेर मातीत बसवून वाढायचे. पोटभर वाढायचे. पण बाहेर बसून खाल्लेलं अन्न कसं लागतं, ते मी अजून विसरले नाही. माझ्या दारात तसं कोणीच जेवणार नाही. तुम्हीसुद्धा नाही. उतरा."