तंबोरीचा जीव
१८९९ साली मुरबाडच्या वाटेवर एका शेटने बुवांसाठी दिलेली मोटार बंद पडली, तेव्हा आत कल्याणचे कीर्तनकार त्र्यंबकबुवा होते. मुरबाडला त्यांचे गुरू शेवटच्या घटका मोजत होते, बुवांच्या तोंडून नाम ऐकायला थांबलेले. आनंदा ड्रायव्हरने ठिणगीचा प्लग काढून दाखवला. “शेट बोललेले, याच्या दोन टोकांत दोऱ्याएवढीच फट ठेव. मोठी ठिणगी पडंल म्हणून मी वाढवली, बुवा. आता एकपण पडत नाय. बैलगाडी बघू?” “उद्या पोचेन तिनं!” बुवांनी तंबोरी मांडीवर घेतली. तार झंकारावी म्हणून तिच्याखाली सरकवलेला दोरा, ज्याला गवई जीव म्हणतात, तो त्यांनी काढून फटीत धरला. “हा जेमतेम सरकेल इतकं ठोक.” तिसऱ्या खेपेला मोटार धडधडली. आनंदाने विचारलं, “बुवा, यंत्राचं कोणी शिकवलं?” “यंत्राचं कोण शिकवतंय! गप्प झालेल्याला बोलतं करायचं गुरूंनी शिकवलं. ते गप्प व्हायच्या आत पोचव!”