पेरणीची भाकर

ताप उतरला तरी माझी लेक थुरी घास घेत नव्हती. हिवाळा काढेल ना, म्हणून मी तिचा श्वास ऐकत बसायची. आज पाहते तर धान्याच्या पेटीत बसून पोरगी पेरणीची भाकर कुरतडतेय. शेवटच्या पेंढीच्या पिठाची ही भाकर ऐन हिवाळ्यातल्या यूलच्या सणाला भाजून ठेवायची आणि बर्फ वितळल्यावर फक्त पेरणाऱ्याने नि बैलांनी खायची.

"सासूबाई, तिला कळत नाही हो. आता पिकाचं..."

सासूबाईंनी भाकरीवरचे इवले दात निरखले आणि आणखी एक तुकडा मोडून तिच्या हातात दिला.

"बैलांपुरती ठेव गं बये." मग माझ्याकडे वळल्या. "रडतेस काय? भाकर खाल्ली त्यानेच पेरायचं. हिच्या मापाची बियाण्याची परडी विणायला घे."