नळोबाची कायमची जागा

"ठेला हलवला तं माह्या अंगावरून न्या," म्हणून गल्लीतला जितेंद्र चाकापुढे मांडी घालून बसला.

ठेल्यावर नळोबा आडवा होता. उन्हाळाभर इतवारीतल्या त्या गल्लीत पाणी आलं नव्हतं, म्हणून यंदाच्या बडग्याचा पुतळा म्हणजे झुपकेदार मिशांचा, पुरुषभर उंचीचा नळ. रिवाज ठरलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडग्याची मिरवणूक काढायची, गल्लीची पीडा त्याच्या गळ्यात घालायची, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडायचं आणि शेवटी त्याला जाळायचं.

"याले जाळलं नाही तं पाणी कसं येईन गा, ताराभाऊ?"

"मागच्या साली डासोबाले जाळलं. डास गेले?"

जितेंद्रनं स्वतःच्या मानेवर एक चापट मारली. डास उडून गेला.

ताराचंदनं जन्मभर बडगे केले आणि जन्मभर त्यांची राख पाहिली. नातवाला दाखवायला म्हणून एक बडग्या शिल्लक नव्हता. आता तर ब्रश धरला की हात आपल्याच मर्जीनं थरथरायचा. नळोबाच्या पापण्या त्या थरथरीतूनच उतरल्या होत्या. हा शेवटचा, हे त्याला कळलं होतं. एक तरी मागे राहावा, एवढंच त्याचं मागणं.

आणि देवानं चिन्मयी मॅडमला पाठवलं. सदर भागातली इंग्रजांच्या काळची कापसाची गोदामं दुरुस्त करून तिथं नवं कलाकेंद्र उघडत होतं. मॅडम तिथल्या मुख्य. घरी आल्या, सतरंजीवर बसल्या, म्हणाल्या, "काका, याला आमच्या संग्रहात कायमची जागा देऊ. आत काय भरलंय?"

"तणस."

"म्हणजे पेंढा. कोरडा आहे ना? ओल अजिबात नको हं."

बडग्याला ओल लागेल, याची चिंता आजवर कोणी केली नव्हती.

"जितू, मी मरीन तवा लोकाईनं काय पाहावं गा?" तो आता ठेल्याचा दांडा धरून म्हणाला. "धूर?"

जितेंद्र पँट झटकत उठला. "न्या. पण पाणी नाही आलं तं सारी गल्ली तुमच्या घरी आंघोळीले येईन."

"ये ना. माह्या घरी तरी कुठं पाणी आहे?"

केंद्रात पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी नळोबाला लेकरासारखं उतरवून घेतलं. भिंतीला आग विझवायची लाल नळकांडी ओळीनं टांगली होती. ती पाहून ताराचंद निर्धास्त झाला.

गल्लीची मिरवणूक नळोबाविना गेली. संध्याकाळी उद्घाटन. ताराचंदला पहिल्या रांगेत खुर्ची. केंद्राच्या चौकात दिव्यांच्या झोतात नळोबा असा उभा, की दुसऱ्याच कोणी केला असावा. पांढऱ्या साडीत, अनवाणी चिन्मयी मॅडम पुढे आल्या. डोळे मिटून माइकमध्ये म्हणाल्या, "घेऊन जा गे मारबत."

आणि त्यांनी काडी ओढली.

तणस कोरडी होती. वेळ लागला नाही.

ताराचंद ओरडत उठला. पण तेव्हा सगळेच टाळ्या वाजवत उभे राहिले होते.

निखारे निवल्यावर हातमोजेवाल्यांनी राख चिमटीचिमटीनं गोळा केली, काचेच्या पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं. खाली पाटी बसवली. चिन्मयी मॅडमचं नाव, आणि माध्यम: राख. मग त्यांनी ताराचंदचे दोन्ही हात हातात घेतले. डोळे भरून आले होते त्यांचे.

"बघा काका," त्या म्हणाल्या, "आता याला कोणीच जाळू शकणार नाही."