जोडवं

धाकट्या जावेच्या, तेजस्विनीच्या पायावर पाटा पडला. बोट काळंनिळं झालेलं पाहून सासूच म्हणाली, "जोडवं कापून टाका, पन पोरीले दवाखान्यात न्या!"

आठ वर्षांआधी माझं बोट असंच ठेचलं, तेव्हा हीच म्हणाली होती, "नवरा जित्ता असतानी जोडवं काढतेत काय? मुरगळलं असन. हळद लाव." दुसऱ्या दिवशी मी कापूस वेचायला गेले होते.

उटनूरच्या डॉक्टरनं तिचं बोट शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधलं, महिनाभर आराम सांगितला. भाऊजींनी तिला उचलून रिक्षात नेलं. मी मनातल्या मनात जळत दवाखान्याच्या दारातल्या तिच्या चपला उचलल्या.

डॉक्टरची नजर माझ्या अनवाणी पायावर गेली.


"अम्मा, तुमचं हे बोट कधी मोडलं होतं?"