थोडं पाणी

फ्रेंचमध्ये नुसतं 'दूध हवं' म्हणून भागत नाही. दुधाआधी 'थोडं' अशा अर्थाचा शब्द लावावाच लागतो. बाई तेच घोटून घेत होत्या. वर्गात फ्रेंचखेरीज बोलायचं नाही, हा त्यांचाच दंडक. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"ताई, बाबा गेले गं."

"बरं," म्हणून बाईंनी फोन पालथा ठेवला. "हं, पुढे कोण?"

कोणी थोडा ब्रेड मागितला, कोणी थोडं लोणी. मग तो शब्द हमखास गाळणारी मागच्या बाकावरची मुलगी उठून टेबलाजवळ आली आणि फ्रेंचमध्ये म्हणाली, "बाई, थोडं पाणी घेता?"

"अगदी बरोबर. पुढची."

वर्ग सुटल्यावर टेबलावर झाकण काढलेली पाण्याची बाटली दिसली. कोणीतरी विसरलं असेल म्हणून बाईंनी झाकण लावून ती खिडकीत ठेवली.