रुसलेला नवरदेव

"अजून एक अंडं," मुंडावळ्या मागे सारत जैतू म्हणाला. चिमाने दाराला हळूच कडी घातली.

कशेळ्याच्या मांडवात मुहूर्ताला दहा मिनिटे उरली होती. पोशीरच्या वऱ्हाडाला उतरायला शेजाऱ्यांचे घर दिले होते. त्याच घराच्या मागच्या खोलीत नवरदेव आणि नवरीची नऊ वर्षांची बहीण भाताच्या कणगीला टेकून बसली होती. मुंबईच्या मामेभावाचा व्हिडिओ गेम चिमाने सकाळीच त्याच्या पिशवीतून लांबवला होता. चिमुकल्या काचेत कोंबड्या अंडी घालीत आणि बटणे दाबून ती टोपलीत झेलायची. जैतूने आजवर भात झोडले होते, बैल हाकले होते. असले काही त्याच्या हाती कधी आले नव्हते.

दार वाजले. "जावईबापू, चला! भटजी खोळंबलेत," नवरीचा बाप सहदेव बाहेरून म्हणाला.

जैतू उठू लागला. चिमाने त्याच्या उपरण्याचे टोक घट्ट धरले.

"नका ना जाऊ, दाजी."

"का गं?"

"मुहूर्त टळला की लगीन होनार नाय. मंग इंदूताय घरीच ऱ्हाईल."

जैतू पुन्हा तिच्याशेजारी टेकला. काचेतली अंडी एकामागून एक फुटत गेली.

आतून उत्तर येईना, तेव्हा नवरीच्या कोंडाजीमामाने निदान केले, "नवरदेव रुसला." रुसलेला जावई काही कबूल केल्याखेरीज मांडवात पाऊल टाकत नाही, हे त्या पंचक्रोशीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. सहदेवने मनगटी घड्याळ कबूल केले. मामाने त्यावर रेडिओ वाढवला. आत्या, करवल्या, वाजंत्रीवाले, सारे दाराशी लोटले आणि जो तो सल्ला देऊ लागला.

"सायकल म्हन रं, सायकल!" वऱ्हाडातला एकजण ओरडला.

"सायकल?" थोरला जावई गर्दीतून कडाडला. "मंग माज्या येळंला छत्रीवर का भागवलंत?"

जैतूला हसू आवरेना. त्याने उपरण्याचा बोळा तोंडाशी धरला. चिमाही खुदखुदली. मिनिटे सरत होती आणि तिचा बेत साधत होता.

मग बाहेरचा गलबला एकाएकी ओसरला. सहदेवचा आवाज आला, तो अगदी खालच्या पट्टीत.

"दुभती म्हैस घ्या, जावईबापू. पन माज्या पोरीची लाज राखा."

जैतूचे हसू थांबले. चिमाच्या चौदा माणसांच्या घरात म्हैस एकच होती. आणि बाप असा बोललेला तिने कधीच ऐकला नव्हता. ती उठली आणि तिने स्वतःच कडी काढली.

"बाबा, दाजी रुसलं नाय," ती रडत म्हणाली. "मीच कोंडलं त्यांना. ताय जाऊ नये म्हनून."

सहदेवचा हात वर गेला. जैतू झटकन दोघांच्या मध्ये उभा राहिला.

"पोरगी खोटं बोलतेय. रुसलोच हाय मी," म्हणत त्याने मुंडावळ्या सारख्या केल्या. "म्हैस नको, घड्याळ नको. इंदूसंगती पाठराखीण म्हनून ही चिमी महिनाभर आमच्याकडं धाडा, तवाच मांडवात येतो."